डोपामाइन नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, तरी पार्किन्सन? सुरुवातीच्या टप्प्यात कोणती तपासणी काय सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे. आठ महिन्यांपासून उजवा हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना थरथरतो, चालताना तो हात हलत नाही, सही बारीक होत चालली आहे. घरच्यांनी एक ‘हार्मोन प्रोफाइल’ करून घेतलं. त्यात डोपामाइन नॉर्मल, सकाळचं कॉर्टिसॉल किंचित जास्त, थायरॉइडची तपासणी टीएसएच ६.८. मेंदूचा एमआरआय झाला, त्यावर ‘वयोमानानुसार किरकोळ बदल, बाकी नॉर्मल’ असा शेरा. डॉक्टर मात्र सुरुवातीचा पार्किन्सन असावा म्हणतात. मग डोपामाइन आणि एमआरआय दोन्ही नॉर्मल कसे? आता डॅट स्कॅन करावा की पेट स्कॅन? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेली एक ओळ: चक्कर येते म्हणून साधारण वर्षभरापासून सिनारिझिनची गोळी चालू आहे.

या सगळ्या मजकुरात सर्वांत वजनदार ओळ ती शेवटची आहे. तिच्याकडे येतोच, पण आधीच्या रिपोर्टांचा अर्थ लागल्याशिवाय तिचं महत्त्व कळणार नाही.

तुम्ही विचारलंय ‘कोणता स्कॅन’. खरा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. हाताची थरथर आणि मंदपणा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. एक म्हणजे मेंदूतल्या डोपामाइन (हालचालींचे संदेश पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी आणि त्यांची टोकं झिजत चालली आहेत. दुसरं म्हणजे पेशी शाबूत आहेत, पण डोपामाइनचा संदेश पुढे पोचण्यात काहीतरी आडवं येतंय. पहिला पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार, दुसरा बहुतेक वेळा औषधाचा परिणाम. यातलं काय चाललंय हे ज्या तपासणीतून कळेल, ती कामाची.

आधी निदान कसं होतं ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पार्किन्सनचं निदान रुग्णाला तपासून होतं, कागदावरच्या आकड्यांवरून नाही. जगभर वापरले जाणारे २०१५ चे निकष पाहिले, तर पहिली अट हालचाल मंदावण्याची आहे. मंद म्हणजे नुसती सावकाश नव्हे. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर पंधरा सेकंद टेकवायला सांगितली, तर प्रत्येक फेरीत बोटांमधलं अंतर कमी कमी होत जातं, मध्येच हालचाल अडखळते. या घसरणीसोबत हात निवांत असतानाचा कंप, साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा, किंवा सांध्यांचा ताठरपणा, यांपैकी एक तरी लागतं. पुढे आजाराच्या बाजूने बोलणाऱ्या आणि विरुद्ध बोलणाऱ्या गोष्टींची बेरीज-वजाबाकी होते. वास येणं कमी झालेलं असणं, लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या औषधाने ठळक फरक पडणं या बाजूच्या गोष्टी. पहिल्या तीन वर्षांतच वारंवार पडणं, सुरुवातीपासून दोन्ही बाजूंना अगदी सारखा त्रास, लवकरच गिळायला आणि बोलायला गंभीर अडचण, उभं राहताच रक्तदाब खूप कोसळणं या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या गोष्टी. तुमच्या वर्णनात एका बाजूने सुरू झालेला निवांत अवस्थेतला कंप, त्याच बाजूच्या हाताचं न हलणं आणि अक्षर बारीक होणं आहे. चित्र पार्किन्सनसारखंच दिसतंय, डॉक्टरांच्या अंदाजात गैर काही नाही.

आता रक्तातलं डोपामाइन. ही तपासणी पार्किन्सनसाठी निरुपयोगी आहे, हे स्पष्टच सांगतो. डोपामाइन रक्तातून मेंदूत जात नाही आणि मेंदूतल्या त्या कोपऱ्यातलं डोपामाइन रक्तात मोजण्याइतकं उतरत नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जी गाळणी आहे ती डोपामाइनला अडवते. म्हणूनच उपचारात डोपामाइन न देता लेव्होडोपा द्यावा लागतो. तो अमिनो आम्लांच्या वाटेने आत शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. रक्तात जे डोपामाइन मोजलं जातं ते आतडी, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी आणि सिम्पथेटिक नसांकडून आलेलं असतं, आणि त्यातलं बहुतेक सल्फेटला जोडलेल्या निष्क्रिय रूपात असतं. आदल्या दिवशी केळी खाल्ली, नमुना घेण्याआधी रुग्ण धावपळ करत आला, नळी थंड ठेवली नाही, तरी आकडा हलतो. या तपासणीची जागा आहे, पण ती काही दुर्मिळ गाठींच्या शोधात. पार्किन्सनचा रुग्ण आणि निरोगी माणूस यांना वेगळं काढणारी कुठलीही रेषा तिच्यात नाही. आणखी एक गंमत अशी की लेव्होडोपा सुरू झाल्यावर हाच आकडा भरमसाट वाढतो, आणि मग ‘डोपामाइन फार वाढलंय, गोळी बंद करू का’ असं विचारत लोक येतात. गोळी बंद करू नये. तो आकडा त्या गोळीचाच आहे.

रक्तातल्या सेरोटोनिनचंही तेच. ते मुख्यतः आतड्यात तयार होतं आणि प्लेटलेटमध्ये साठतं, मेंदूचा हालहवाल त्यातून कळत नाही. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होतं, सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, आणि रात्रीची अपुरी झोप किंवा सुईची धास्ती त्याला किंचित वर ढकलायला पुरेशी असते. कॉर्टिसॉलजन्य आजाराची दुसरी लक्षणं नसतील, तर एका सकाळच्या किंचित वाढलेल्या आकड्यामागे लागू नका.

टीएसएच मात्र कामाची तपासणी आहे. थरथर किंवा मंदपणा घेऊन आलेल्या प्रत्येक नव्या रुग्णाची मी ती मागवतो. थायरॉइड जास्त चालत असेल तर हात थरथरतात, पण ती थरथर बारीक, जलद, दोन्ही हातांना, आणि हात पुढे ताणून धरल्यावर दिसणारी असते. पार्किन्सनची थरथर उलट असते. हात निवांत असताना दिसते, हात उचलला की थांबते, आणि हात तसाच पुढे धरून ठेवला तर काही सेकंदांनी पुन्हा डोकं वर काढते. ही काही सेकंदांची उसंत निदानात फार उपयोगी पडते, आणि घाईत तपासणी झाली की नेमकी हीच निसटते. थायरॉइड कमी चालत असेल तर माणूस मंदावतो, चेहरा सुजरा आणि भावहीन दिसतो, आवाज जड होतो. वरवर पाहता पार्किन्सनचाच भास. पण बोटं टेकवायला सांगितली तर हालचाल सावकाश झाली तरी लहान लहान होत जात नाही, आणि घोट्याच्या मागे हातोडी मारल्यावर पाऊल परत जागेवर यायला वेळ लावतं.

तुमच्या वडिलांचा टीएसएच ६.८ आहे. हा थोडा वाढलेला आकडा आहे. सोबत फ्री टी४ केलेलं नसेल तर ते करावं, आणि सहा ते आठ आठवड्यांनी दोन्ही पुन्हा करावेत, कारण असा किंचित वाढलेला टीएसएच बरेचदा आपोआप खाली येतो. एका हाताचा निवांत अवस्थेतला कंप या आकड्याने समजावता येत नाही. तसंच, टीएसएच बिघडलेला निघाला म्हणून पार्किन्सन नाही, असंही ठरत नाही. या वयात दोन्ही आजार सर्रास दिसतात आणि एकाच माणसात एकत्र असू शकतात.

एक बारीक पण महत्त्वाची बाब: वडील केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर थायरॉइडचे रिपोर्ट फसवे येऊ शकतात. अनेक यंत्रांच्या पद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करतं, टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दाखवतं. मोठ्या मात्रेचं बायोटिन असेल तर किमान दोन-तीन दिवस बंद ठेवून मगच रक्त द्यावं, आणि प्रयोगशाळेला तसं सांगावं.

बाकी रक्ततपासण्यांबद्दल पटकन. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम बघावं. कॅल्शियम कमी निघालं तर पॅराथायरॉइड संप्रेरक मोजावं, कारण ती ग्रंथी वर्षानुवर्षं कमी चालत असेल तर मेंदूच्या खोल भागात, बेसल गँगलियात, चुना साठतो आणि पार्किन्सनसारखं चित्र उभं राहू शकतं. असा चुना एमआरआयपेक्षा साध्या सीटी स्कॅनवर जास्त स्पष्ट दिसतो. मात्र वयस्कर माणसांत तिथे एखाद-दोन बारीक ठिपके नुसते वयाचेही असतात, तेवढ्याने घाबरायचं नाही. ब१२ आणि यकृताच्या चाचण्या कराव्यात. रुग्ण पन्नाशीच्या आतला असता तर सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची स्लिट लॅम्पवर तपासणी मी न चुकता करायला लावली असती, कारण विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठतं) उपचाराने आटोक्यात येतो आणि चुकला तर भारी पडतो. ६२ व्या वर्षी त्याची गरज क्वचितच पडते. टेस्टोस्टेरॉन, मेलाटोनिन, ग्रोथ हार्मोन यांचा या निदानात काही उपयोग नाही. क्लोनिडिन देऊन ग्रोथ हार्मोन मोजण्याची एक चाचणी पार्किन्सन आणि मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी (पार्किन्सनसारखाच दिसणारा वेगळा आजार) वेगळे ओळखण्यासाठी सुचवली गेली होती, पण निकाल एकसारखे न आल्याने ती रोजच्या वापरात रुजली नाही.

प्रोलॅक्टिन हे एक संप्रेरक या संदर्भात खरोखर डोपामाइनशी बांधलेलं आहे. पिट्युटरीतून प्रोलॅक्टिन सुटू नये म्हणून डोपामाइन त्याला सतत दाबून ठेवतं. डोपामाइनची खिट्टी बसते ती जागा एखाद्या औषधाने बंद केली तर हा दाब सुटतो आणि प्रोलॅक्टिन वाढतं. म्हणजे प्रोलॅक्टिन बरंच वाढलेलं दिसलं तर ‘हा माणूस डोपामाइन अडवणारी एखादी गोळी घेतोय का’ असा प्रश्न उभा करावा. उलटी वाट मात्र बंद आहे. प्रोलॅक्टिन नॉर्मल आलं म्हणून औषध निर्दोष ठरत नाही.

आता त्या शेवटच्या ओळीकडे. सिनारिझिन चक्करेसाठी दिलं जातं, आणि त्याचं भावंड फ्लुनारिझिन अर्धशिशीसाठी. दोन्ही औषधं कॅल्शियमचे मार्ग अडवतात, शिवाय मेंदूतल्या डोपामाइनच्या जागाही काही प्रमाणात अडवतात. साठी ओलांडलेल्या माणसाने महिनोन्महिने घेतली तर पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, पोटाच्या तक्रारींवरचं लेव्होसल्पिराइड, मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनसारखी औषधं याच पंगतीत बसतात. व्हाल्प्रोएट वेगळ्या वाटेने तसंच करू शकतं. पोटाच्या गोळ्यांची खास गोची अशी की अॅसिडिटीच्या एकाच कॅप्सूलमध्ये दुसरं औषध म्हणून लेव्होसल्पिराइड दडलेलं असतं. रुग्ण विचारल्यावर ‘अॅसिडिटीची गोळी’ एवढंच सांगतो. म्हणून नाव ऐकून समाधान मानू नका, पाकिटाच्या मागचे घटक वाचा.

औषधाने आलेला त्रास बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखा असतो, आणि तुमच्या वडिलांचा एकाच बाजूला आहे. हे पार्किन्सनच्या बाजूने बोलतं. पण नेहमी तसंच असतं असं नाही. कधी कधी औषध निमित्त होतं आणि आत दबा धरून बसलेला पार्किन्सन लवकर उघडा पडतो. २०१५ च्या निकषांमध्येही, लक्षणं समजावू शकेल अशा मात्रेत आणि काळात डोपामाइन अडवणारं औषध चालू असेल तर पार्किन्सनचं निदान थांबवायचं, असं सांगितलेलं आहे. तारखांचा हिशोब महत्त्वाचा: वर्षभरापासून गोळी, आठ महिन्यांपासून कंप. गोळी आधी आली, कंप नंतर. नक्की कधी सुरू झाली, रोज किती वेळा, मध्ये खंड पडला का, हे जुन्या चिठ्ठ्या काढून लिहून ठेवा.

तेव्हा आत्तापर्यंतचा हिशोब असा: चित्र पार्किन्सनसारखं आहे, रक्ताच्या चाचण्यांनी ते नाकारलेलं नाही, आणि एक औषध संशयाच्या पिंजऱ्यात आहे. एमआरआयने यात काय भर घातली?

साधा एमआरआय सुरुवातीच्या पार्किन्सनमध्ये नॉर्मल येतो, तो तसाच यायला हवा. ज्या पेशी झिजतात त्या मेंदूच्या मधल्या खोडात, सबस्टान्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यात असतात. तो पट्टा इतका लहान आहे की नेहमीच्या छायाचित्रांत त्यातली झीज दिसत नाही. एमआरआय करायचा तो दुसऱ्या गोष्टी वगळण्यासाठी: मेंदूत पाणी साचणं, कवटीखाली रक्त साठणं, गाठ, खोल भागातले पक्षाघाताचे झटके. मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफीत पुटामेन या मेंदूच्या खोल भागाच्या कडेला रेघ किंवा पॉन्समध्ये क्रॉससारखी खूण दिसू शकते. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सीत (असाच आणखी एक आजार) मध्यमेंदू आकसून बाजूच्या चित्रात पक्ष्याच्या चोचीसारखा दिसतो. या खुणा बहुतेक उशिरा येतात, पहिल्या वर्षी त्या नसल्या म्हणून ते आजार नाहीत असं नाही. ‘वयोमानानुसार किरकोळ बदल’ हा शेरा साठीच्या पुढे बहुतेक रिपोर्टांवर असतो. त्यातून रक्तवाहिन्यांमुळे झालेला पार्किन्सनसदृश आजार असा निष्कर्ष काढायची घाई नको. त्या आजारात हातापेक्षा पाय आणि चाल जास्त बिघडते.

एक विशेष तंत्र आहे. ३ टेस्लाच्या यंत्रावर बारीक कापांची एसडब्ल्यूआय (लोहाला संवेदनशील एमआरआय) चित्रं काढली तर निरोगी माणसाच्या नायग्राच्या मागच्या भागात पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी पांढरट खूण दिसते. पार्किन्सनमध्ये ती पुसट होते किंवा जाते. खर्च आणि किरणोत्सार या दृष्टीने हे सोयीचं आहे, कारण एमआरआय होतच असतो. अडचणी दोन. रुग्णाचं डोकं जरासं हललं तरी ती खूण हरवते, आणि थरथरणाऱ्या माणसाला स्थिर राहणं अवघड जातं. शिवाय वाचणाऱ्याचा डोळा त्या खुणेला सरावलेला लागतो. तुमच्या रिपोर्टात एसडब्ल्यूआयचा उल्लेख असेल तर रेडिओलॉजिस्टला ‘नायग्रोसोम-१ (हीच ती पाकोळीच्या शेपटीची खूण) दिसतो का’ एवढं मुद्दाम विचारा. रिपोर्ट न बदलता जुन्याच चित्रांतून उत्तर मिळू शकतं.

आता डॅट स्कॅन. डोपामाइन बनवणाऱ्या पेशींची टोकं स्ट्रायाटम नावाच्या भागात पोचतात, आणि त्या टोकांवर वापरलेलं डोपामाइन परत आत ओढून घेणारे पंप असतात. या पंपांना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन स्पेक्ट (किरणोत्सार टिपणाऱ्या) कॅमेऱ्याने चित्र काढतात. आयोफ्लुपेन हे आयोडीन-१२३ वर आधारलेलं द्रव्य त्यासाठी वापरतात, साधारण १११ ते १८५ मेगाबेकरेल. इंजेक्शननंतर तीन ते सहा तासांनी चित्र घेतात, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. नॉर्मल चित्रात दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे ठळक आकार दिसतात. पार्किन्सनमध्ये आधी पुटामेनचा मागचा भाग विझतो, स्वल्पविरामाची शेपटी जाते आणि पूर्णविरामासारखा गोळा उरतो. उजव्या हाताचा कंप असेल तर डावी बाजू जास्त विझलेली असते. लक्षणं दिसू लागेपर्यंत टोकांची बरीच हानी होऊन गेलेली असते, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या रुग्णातही स्कॅन सहसा स्पष्ट बिघडलेला येतो. ट्रोडॅट नावाचं दुसरं द्रव्य टेक्नेशियम-९९एम वर चालतं. ते बनवायला सोपं आहे, जिथे आयोडीन-१२३ सहज मिळत नाही तिथे ते वापरतात. चित्र थोडं फिकट येतं, पण चांगल्या हातात तेही प्रश्नाचं उत्तर देतं.

हा स्कॅन एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: टोकं शाबूत आहेत की नाहीत. औषधाने आलेला पार्किन्सनसदृश त्रास, इसेन्शियल ट्रेमर (हात वापरताना येणारी थरथर), मानसिक ताणातून येणारा हालचालींचा विकार, या सगळ्यांत स्कॅन नॉर्मल येतो. पार्किन्सन, मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी आणि ल्यूई बॉडी डिमेन्शिया, या सगळ्यांत बिघडतो. म्हणजे बिघडलेल्या स्कॅनवरून ‘पार्किन्सनच’ असं ठरत नाही. नॉर्मल स्कॅन मात्र पार्किन्सनच्या विरोधात भक्कम पुरावा आहे. आजार किती वाढला हे मोजायला दरवर्षी स्कॅन करणं व्यर्थ आहे. चित्रातला आकडा आणि हाताची थरथर यांचा मेळ फारसा बसत नाही.

तयारीत चुका होतात, त्या आधीच टाळाव्यात. आयोफ्लुपेन देण्याआधी थायरॉइडला आयोडीनचा किरणोत्सार लागू नये म्हणून किमान एक तास अगोदर पोटॅशियम आयोडाइड किंवा लुगोलचं द्रावण देतात. म्हणूनच वडिलांच्या टीएसएच आणि टी४ च्या फेरतपासणीचं रक्त स्कॅनच्या आधी द्या, आयोडीनच्या मात्रेनंतर ते आकडे काही काळ हलू शकतात. आयोडीनची अॅलर्जी असेल तर केंद्राला आधीच कळवा. बुप्रोपिऑन, मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, अॅम्फेटामिनच्या जातीची औषधं पंपांवर बसतात आणि खोटा बिघाड दाखवू शकतात. सर्ट्रालिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी आकडे थोडे सरकतात, पण डोळ्यांना दिसणारं चित्र क्वचितच उलटं होतं. कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे ती गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, स्वतःहून थांबवायची नाही. लेव्होडोपा चालू असेल तर या स्कॅनसाठी बंद करायची गरज नसते. स्कॅननंतर भरपूर पाणी प्यावं आणि दोन दिवस वारंवार लघवीला जावं. किरणोत्साराची मात्रा साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट, म्हणजे काळजीचं कारण नाही, पण विनाकारण घ्यायची गोष्टही नाही.

वाचनातही फसगत होते. डोकं यंत्रात तिरकं राहिलं तर एक बाजू खोटीच विझलेली दिसते. स्ट्रायाटममध्येच पक्षाघाताचा जुना झटका असेल तर तिथे खड्डा पडल्यासारखं चित्र येतं, म्हणून एमआरआय शेजारी ठेवूनच हा स्कॅन वाचायला हवा. पंप वयानुसारही कमी होतात, दर दशकाला साधारण ५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तुलना समवयस्क निरोगी माणसांशी व्हायला हवी. रिपोर्टमध्ये नुसतं ‘सौम्य घट’ लिहिलेलं असेल तर कशाच्या तुलनेत, ते विचारा.

पेट स्कॅनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्या एक समजतात. एफ-डोपा पेट हा पेशी डोपामाइन किती बनवतात आणि साठवतात ते दाखवतो. चित्र स्पेक्टपेक्षा स्वच्छ असतं. आधी कार्बिडोपा द्यावा लागतो, म्हणजे द्रव्य वाटेतच खर्च होत नाही, आणि लेव्होडोपा साधारण बारा तास थांबवावा लागतो. सुरुवातीच्या आजारात उरलेल्या पेशी जास्त काम करून झीज झाकतात, त्यामुळे हा स्कॅन नुकसान थोडं कमी दाखवू शकतो. दुसरा एफडीजी पेट. तो साखरेचा वापर दाखवतो, आणि पार्किन्सन की त्याच्या जवळचे आजार हे वेगळं करायला उपयोगी पडतो. तुमच्या वडिलांच्या टप्प्यावर त्याची पाळी अजून आलेली नाही.

हृदयाचा एमआयबीजी स्कॅनही असतो. पार्किन्सनमध्ये हृदयाकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसा झिजतात आणि हृदय विझलेलं दिसतं, मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफीत बहुधा तसं होत नाही. जुना मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर मात्र हा पुरावा कमकुवत होतो. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून अल्फा-सिन्यूक्लीन ओळखण्याची चाचणी आणि त्वचेच्या तुकड्यातून तेच शोधण्याची पद्धत, या दोन्ही गेल्या काही वर्षांत पुढे आल्या आहेत. आजाराचं मूळ द्रव्यच पकडणाऱ्या असल्याने त्या आश्वासक आहेत, पण सगळीकडे सहज उपलब्ध नाहीत, आणि त्यांच्या निकालाने आज उपचार बदलतीलच असं नाही.

तर तुमच्याबाबतीत क्रम असा ठेवेन. पहिलं, सिनारिझिन लिहिणाऱ्या डॉक्टरांना भेटा आणि ते बंद करता येईल का विचारा. चक्करेचं कारण कधी नीट तपासलं होतं का, तेही विचारा. कानातल्या खड्यांमुळे येणारी चक्कर डोकं ठरावीक रीतीने वळवण्याच्या कवायतीने जाते, तिला महिनोन्महिने गोळी लागत नाही. शिवाय पार्किन्सनमध्येच उभं राहताना रक्तदाब पडून डोकं हलकं होऊ शकतं, आणि त्यालाच चक्कर समजलं जातं. म्हणून झोपून आणि नंतर एक व तीन मिनिटं उभं राहून रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते कागदावर लिहून घ्या.

त्यानंतर वाट बघणं. औषधाने आलेला त्रास गोळी बंद केल्यावर आठवड्यांत ओसरू लागतो, पण पूर्ण जायला सहा महिनेही लागू शकतात. वडिलांना रोजच्या कामात फार अडचण नसेल तर तोवर लेव्होडोपा सुरू करणं लांबवता येतं. काही महिने उशिरा सुरू केल्याने आजाराची गती वाढते असा पुरावा नाही. ४४५ रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेव्होडोपा लगेच दिलेले आणि ४० आठवडे उशिरा दिलेले रुग्ण ८० व्या आठवड्याला सारखेच निघाले. पण कॉलरचं बटण लावणं, जेवणं, लिहिणं यात ते अडत असतील तर वाट बघत त्यांना त्रासात ठेवण्यात शहाणपण नाही, औषध सुरू करावं. लेव्होडोपाचा गुण आला नाही असं म्हणण्यासाठीही पुरेशी मात्रा लागते, दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत हळूहळू नेल्याशिवाय तो शेरा मारू नये. मळमळ झाली तर मेटोक्लोप्रामाइड नको, गरज असेल तर डोम्पेरिडोन, आणि तेही हृदयाचा ईसीजी बघून.

सिनारिझिन बंद करून तीन ते सहा महिन्यांत उजवा हात तसाच राहिला, किंवा वाढत गेला, तर तेव्हा डॅट किंवा ट्रोडॅट स्कॅन करण्यात अर्थ आहे. किंवा ते औषध बंद करणं काही कारणाने शक्यच नसेल तर आत्ताही. कारण इथे निकाल निर्णय बदलेल: नॉर्मल आला तर औषधाला दोष द्यायचा आणि थांबायचं, बिघडलेला आला तर पार्किन्सनचा मार्ग धरायचा. सिनारिझिनचा प्रश्न नसता आणि चित्र इतकंच ठळक असतं, तर मी स्कॅन न करताच उपचार सुरू करून पुढच्या भेटी ठरवल्या असत्या.

दरम्यान एक गोष्ट घरी करा, तिचा उपयोग अनेक रिपोर्टांपेक्षा जास्त होतो. दर महिन्याला त्याच खुर्चीत, त्याच वेळी वडिलांचे व्हिडिओ घ्या. पहिला, दोन्ही हात मांडीवर मोकळे, डोळे मिटून शंभरातून सात वजा करत मोजायला सांगा, कंप याने उघडा पडतो. तीस सेकंद पुरे. दुसरा, दोन्ही हात समोर ताणून वीस सेकंद, कंप लगेच येतो की काही सेकंदांनी ते दिसलं पाहिजे. तिसरा, प्रत्येक हाताची बोटं पंधरा सेकंद टेकवणं, हात चौकटीत मोठा दिसेल असा. चौथा, दहा पावलं चालून वळून परत येणं, संपूर्ण शरीर दिसेल असं. आणि एका कोऱ्या कागदावर तेच वाक्य पाच वेळा खाली खाली लिहून घ्या, शेजारी एक गोल चक्री काढून घ्या, तारीख टाका. कागदावर रेघा नकोत, रेघांच्या आधाराने अक्षर खोटं मोठं राहतं.